दुसऱ्या गोडाऊनचं ॲग्रीमेंट: एका नोट्स ॲपचे चौदा महिने

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. मी माझ्याच नोट्समध्ये ‘ॲग्रीमेंट’ हा शब्द शोधला आणि ॲपने उत्तर दिलं की असं काहीही नाही. तीन वेळा शोधला. ‘दुसऱ्या गोडाऊन’ टाकून पाहिलं, तेही नाही. तो भाडेकरार मी स्वतः जपून ठेवला होता, एवढं मला पक्कं आठवत होतं.

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी माझी लिखापढी अजून सुरू आहे. वेब क्लिपर म्हणजे वेबपान उचलून नोटमध्ये ठेवणं, टॅग म्हणजे नोटला लावायची खूण, फोन आणि कॉम्प्युटरवर एकच नोट दिसणं, या गोष्टी असली ॲप वापरणाऱ्यांना सांगायला नकोत. वर्षाचे २,९८८ रुपये. ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलं आणि पहिले दहा-अकरा महिने मी ओळखीच्या प्रत्येकाला ते घ्यायला सांगत होते.

माझं ऑफिस नागपूरच्या गांधीबागेत आहे. जीएसटी आणि हिशेबाचं काम. एकेचाळीस ग्राहक, त्यातले निम्म्याहून जास्त कापडवाले. बिलं व्हॉट्सॲपवर येतात, फॉर्मचे ओटीपी एसएमएसवर, पोर्टलचे निरोप ईमेलवर, आणि कायद्यातले बदल तीन व्यावसायिक ग्रुपवर पीडीएफ होऊन पडतात. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे देतानाच कापून घेतलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न. ३बी ला उशीर झाला की रोजचे ५० रुपये विलंब शुल्क, शून्य रिटर्न, म्हणजे महिन्यात व्यवहारच नसेल, तर २०, आणि थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. त्यामुळे आलेला कागद हरवणं म्हणजे ग्राहकाच्या खिशातून पैसे जाणं. म्हणून मी सगळंच ॲपमध्ये टाकत गेले. सुभाष नगरहून अग्रसेन चौकापर्यंत ॲक्वा लाइनने येताना रोज सकाळी व्हॉट्सॲप उघडायचं आणि जे दिसेल ते तिकडे पाठवायचं. डोकं हलकं व्हायचं. तो हलकेपणा खरा होता, तो मी नाकारत नाही.

सप्टेंबरमध्ये मात्र निरोपांचा पूर आला. ३ तारखेला जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली, २२ पासून नवे दर लागू होणार होते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले. तयार कपड्यांवर पाच टक्क्यांची मर्यादा नगाला १,००० वरून २,५०० रुपयांवर गेली, त्याच्या वरचे कपडे १८ टक्क्यांत. गांधीबागेसाठी याहून मोठी बातमी नव्हती. प्रत्येक दुकानदाराला आपल्या मालाचा दर हवा होता आणि प्रत्येकजण मला कुणीतरी बनवलेला तक्ता पाठवून ‘हे बरोबर आहे न?’ विचारत होता. १७ सप्टेंबरची ९/२०२५ ही दरांची अधिसूचना दोन दिवसांत सात वेगवेगळ्या नावांच्या फाइल होऊन माझ्याकडे आली. सातही मी जपल्या.

याच गर्दीत ११ तारखेला एका ग्राहकाच्या अर्जावर रेग-०३, म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, आली. त्याने इतवारीत दुसरं गोडाऊन घेतलं होतं, ते जीएसटी नोंदणीत जोडायचं होतं, आणि अधिकाऱ्याने जागेचा पुरावा पुन्हा स्पष्ट मागितला होता. उत्तर द्यायला कामाचे सात दिवस असतात. १९ ला सहावा दिवस होता. बाकी सगळं तयार, फक्त करार सापडेना. शेवटी ग्राहकाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मी तर एप्रिलमध्येच पाठवून दिलं होतं न. आता पुन्हा काऊन मागून राहिल्या?” त्याचा फोन मधल्या काळात बदलला होता, मूळ प्रत काटोलला भावाकडे. त्याचं बोलणं मला लागलं, कारण तो बरोबर होता.

रात्री साडेदहापर्यंत मी एप्रिलपासूनच्या नोट्स हाताने खाली-वर केल्या आणि करार सापडला. नोटचं शीर्षक होतं, ‘दुसर्‍या गोडाऊनचं अ‍ॅग्रीमेंट’. म्हणजे मी जे शोधत होते, तेच शब्द.

इथून पुढे मी एकाच गोष्टीवर लिहिणार आहे. कुणाला ती बारीक वाटेल. मला ती या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी वाटते.

माझा भाचा कॉम्प्युटर शिकतोय. त्याने माझा शोधलेला शब्द आणि नोटमधला शब्द शेजारी ठेवून आतले युनिकोड क्रमांक, म्हणजे यंत्र प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतं ते, काढून दाखवले. फोनवरून टाइप केलेला ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, क्रमांक ०९७२. ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी हा उच्चार लिहायचा तर ‘अ’ वर चंद्र द्यावा लागे, काही कीबोर्ड मधे एक न दिसणारं जोडचिन्हही घालतात. माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा जुना कीबोर्ड तेच करत होता. म्हणजे एकाच अक्षराच्या तीन घडणी आहेत. डोळ्याला तिन्ही सारख्या, यंत्राला तीन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र चं तसंच. एक घडण ‘ऱ’चा पाय मोडून होते, दुसरी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे ते न दिसणारं चिन्ह ठेवून. दोन्ही रीती मान्य आहेत, चूक कुणाचीच नाही. पण शोध देणाऱ्या ॲपने त्या एकच मानायला हव्यात. इंग्रजीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच मानतात की नाही? तेवढीच साधी मागणी आहे.

आता किती शब्द अडकतात ते बघा. ॲडव्हान्स, ॲसेट, ॲग्रीमेंट, ॲफिडेव्हिट, कॉम्प्युटरच्या अर्ध्या गोष्टी. आणि दुसऱ्या, व्यापाऱ्याचा, कर्मचाऱ्यांचे, अधिकाऱ्याला, साऱ्या, बऱ्याच. मराठीत हिशेबाचं एक पान या शब्दांशिवाय लिहून दाखवा. आकड्यांचंही तेच निघालं. फोनवर मी ‘२०२४-२५’ देवनागरीत लिहिते, कॉम्प्युटरवर इंग्रजी आकड्यांत. एकात शोधलं तर दुसरं येत नाही. चौदा महिने मी जे भरत होते त्याचा मोठा भाग मला परत मिळणारच नव्हता, आणि ॲप ‘सापडलं नाही’ म्हणायचं तेव्हा मी समजायची की माझ्याकडून ठेवायचं राहिलं. मी दोनदा ऑफिसमधल्या मुलीला बोलले, की तिने कागद चढवला नाही म्हणून. तिने चढवला होता. तिची मी नंतर माफी मागितली.

तात्पुरता उपाय ज्यांना हवा त्यांच्यासाठी: पहिलं अक्षर सोडून शोधा. ‘ग्रीमेंट’ टाकलं की तिन्ही घडणींचे शब्द येतात. मी हे २० तारखेच्या पहाटे शोधून काढलं.

कंपनीला लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं की ॲप बंद करून पुन्हा सुरू करा. पुन्हा लिहिलं. मग आलं की मराठीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. म्हणजे मेनू मराठीत दिसतात. पैसे परत मागितले तर नूतनीकरण होऊन चौदा दिवस उलटले म्हणून नाही. नूतनीकरण ऑगस्टमध्ये कार्डवरून आपोआप झालं होतं. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा ठरावीक वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण बँकेने २४ तास आधी कळवायचं असतं. बँकेने कळवलंही होतं. तो एसएमएस मला ऑक्टोबरमध्ये दिसला, ओटीपींच्या ढिगाखाली. २,९८८ रुपये म्हणजे माझ्याकडच्या दोन लहान दुकानदारांचं महिन्याचं काम. मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, बँकेच्या ॲपमधून रद्द केलं. तुम्हीही आजच तिथे जाऊन आपल्या नावावर काय काय चालू आहे ते एकदा पाहा.

मग ऑब्सिडियन या दुसऱ्या नोट्स ॲपवर आले. भाच्याने आधीही सुचवलं होतं, तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. काळी खिडकी, चौकोनी कंस, आपल्या कामाचं नाही असं. माझं मत बदललं ते एका गोष्टीमुळे. तिथे प्रत्येक नोट म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरच्या फोल्डरमधली साधी मजकूर फाइल असते. इंटरनेट लागत नाही. मे महिन्यात वादळाने आमच्या गल्लीची केबल तुटली तेव्हा जुनं ॲप दीड दिवस नुसतं फिरत होतं, ते आठवलं. वापर फुकट आहे, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ऑफिसच्या कामासाठीही वेगळा परवाना घ्यायची सक्ती नाही. फोन आणि कॉम्प्युटरवरच्या नोट्स जुळत्या ठेवणारी त्यांची सिंक सेवा विकत आहे. ती मी घेतली नाही, शनिवारी केबल लावून फोल्डर फोनवर उतरवते.

खरा आनंद पुढे आहे. जुन्या ॲपमधून २,३०० नोट्स मजकूर म्हणून बाहेर काढल्या. फोल्डरची आधी पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, कारण हे काम मागे घेता येत नाही. मग नोटपॅड प्लस प्लस या फुकट प्रोग्रॅममधल्या ‘फाइल्समध्ये शोधा आणि बदला’ या सोयीने जुना ‘अ‍ॅ’ चिकटवला, खाली नवा ‘ॲ’ दिला आणि बटण दाबलं. १,१०० च्या वर जागा बदलल्या, मिनिटही लागलं नाही. मग नुसता चंद्रवाला ‘अॅ’. मग अर्धा र. ते न दिसणारं चिन्ह हाताने टाइप करत बसू नका, जुन्या नोटमधूनच तो तुकडा उचला. शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड बदलला. त्यानंतर ‘ॲडव्हान्स’ शोधलं आणि चौदा महिन्यांच्या सगळ्या ॲडव्हान्स पावत्या एकाखाली एक उभ्या राहिल्या. मी ऑफिसमधल्या मुलीला हाक मारून दाखवलं. मजकूर आपल्या हातात असेल तर दुरुस्तीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

फाइली समोर आल्यावर दुसरंही दिसलं. २,३०० पैकी ६०० च्या आसपास नुसते फॉरवर्ड होते, मी एकदाही न उघडलेले. तेव्हा व्हॉट्सॲपबद्दलचं मतही मला बदलावं लागतंय. मी सगळा दोष त्याला देत होते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल असतात, ते मी कधी वापरलेच नव्हते. आता ‘कागद बाकी’ आणि ‘उत्तर बाकी’ अशी दोन लेबलं आहेत. तिन्ही व्यावसायिक ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकले, नवा निरोप आला तरी ते वर येत नाहीत. अधिसूचना लागली तर सरकारी संकेतस्थळावरून घेते. नोटमध्ये फक्त तेच जातं ज्याला तारीख आहे किंवा जे मला पुन्हा दाखवावं लागेल. मेट्रोत आता दहा मिनिटांत हे काम उरकतं.

ऑब्सिडियनची उणीव एकच, आठवण करून देणं त्यात आपसूक नाही. ७, ११, २० या तारखा मी गुगल कॅलेंडरमध्ये घातल्या आहेत.

हे अर्धं लिहून झाल्यावर जुन्या कंपनीचा ईमेल आला. या वेळी एका मुलीने नीट वाचून लिहिलं होतं, माझे स्क्रीनशॉट तिने तंत्रज्ञांना दाखवले होते. नवी आवृत्ती घेऊन पाहायला सांगितलं. मी पाहिली. ‘ॲग्रीमेंट’ आता तिन्ही घडणींत सापडतं. याचा मला मनापासून आनंद झाला आणि वर जे कडू लिहिलं त्यातलं एवढं मी कमी करते. ‘दुसऱ्या’ अजून सापडत नाही. तिला कळवलं आहे, सोबत अडकणारे बावीस शब्द पाठवले आहेत. वर्गणी ऑगस्टपर्यंत आहे, तोवर दर आवृत्तीला तपासत राहीन. कुणी असलं ॲप विकत घेणार असेल तर फुकटच्या मुदतीत एक नोट फोनवरून लिहा, एक कॉम्प्युटरवरून, दोन्हींत ‘दुसऱ्या व्यापाऱ्याचा ॲडव्हान्स २५,०००’ एवढंच. मग शोधून बघा.