हीट पंप बसवताय? सगळं सी-२० वाल्याला द्यायचं की वायरिंगला वेगळा सी-१०

कॅलिफोर्नियात गॅस फर्नेस (घर गरम करायची गॅसची भट्टी) काढून हीट पंप, म्हणजे विजेवर घर गरम-थंड करणारं युनिट, लावायचा म्हटलं की कोटेशनं दोन प्रकारची येतात. एक एचव्हीएसीवाला (हीटिंग-कूलिंगचा कॉन्ट्रॅक्टर) म्हणतो वायरिंगसकट सगळं मीच करतो, दुसरा म्हणतो मी युनिट लावतो, लाइन तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या. दुसऱ्याचा आकडा कमीच दिसणार, त्यात वायरिंग धरलेलंच नाही ना.

एचव्हीएसीचं लायसन्स सी-२०, इलेक्ट्रिकचं सी-१०. सी-२० वाल्याने वायरला हातच लावायचा नाही असं बरेच जण सांगतात, ते चुकीचं आहे. मूळ काम पुरं व्हायला जे लागतंच तेवढं जोडकाम त्याला करता येतं, म्हणजे हीट पंपचं २४० व्होल्टचं सर्किट, बाहेरच्या युनिटजवळचा डिसकनेक्ट (वीज तोडायचा स्विच), थर्मोस्टॅटची वायर. पण आलोच आहे तर गॅरेजमध्ये ईव्ही चार्जरचा पॉइंटही काढून देतो म्हणाला तर ते हीटिंगचं काम नाही, त्याला सी-१० हवा.

आता फरक कुठे पडतो, तर सी-१० कडे वायरिंग करणारा माणूस स्टेटचा सर्टिफाइड इलेक्ट्रिशियन नाहीतर रजिस्टर्ड ट्रेनी असावा लागतो, सी-२० च्या माणसाला ती अट नाही. एक सर्किट ओढायचं असेल तर मी याचं फार टेन्शन घेणार नाही, चांगला सी-२० वाला हे रोज करतो आणि परमिट काढलं की इन्स्पेक्टर बघतोच. पण घराचा मुख्य ब्रेकर पॅनल १०० अँपचा २०० करायचा असेल, जुनं घर असेल, ग्राउंडिंगची (अर्थिंगची) शंका असेल तर मी सरळ सी-१० च घेईन.

त्याआधी पॅनल खरंच बदलायला लागतोय का ते बघा, कारण 'पॅनल बदलावा लागेल' हे वाक्य फार सहज फेकलं जातं. इलेक्ट्रिकल कोडमध्ये २२०.८७ म्हणून कलम आहे, वर्षभराच्या मीटर डेटातली सगळ्यात मोठी डिमांड घ्यायची, तिच्या १२५ टक्के धरायचे, त्यात नवीन लोड मिळवायचा. समजा पीक ५.२ किलोवॅट आलं तर १२५ टक्क्यांनी ६.५, म्हणजे २४० व्होल्टला साधारण २७ अँप, १०० च्या पॅनलमध्ये नवीन लोडला भरपूर जागा उरली की!

दोघं वेगळे घेतले तर मधला समन्वय तुमच्या गळ्यात. वायर नि ब्रेकर युनिटच्या नेमप्लेटवरून ठरतात, त्यामुळे आधी मॉडेल फायनल करा मगच इलेक्ट्रिशियनला बोलवा, नंतर मॉडेल बदललं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ही कटकट नको असेल तर सी-१० आणि सी-२० दोन्ही असलेली कंपनी बघा, थोडी महाग पडली तरी जबाबदारी एकाच्याच डोक्यावर राहते.

हँडीमॅनचा विचार सोडा. बिनलायसन्सवाल्याची मर्यादा २०२५ पासून १,००० डॉलर झालीय खरी, पण परमिट लागणारं काम त्यात बसत नाही आणि नवीन सर्किटला परमिट लागतंच.

कॉन्ट्रॅक्टर्स बोर्डाच्या (ही लायसन्सं देणाऱ्या स्टेटच्या संस्थेच्या) साइटवर लायसन्स नंबर टाकला की कुठली क्लासिफिकेशन्स आहेत ते दिसतं, सही करण्याआधी बघा. आणि ॲडव्हान्स १० टक्के किंवा १,००० डॉलर, जे कमी असेल तेवढाच, जास्त मागितला तर दुसरा शोधा.