चिमणीचं लाकडी घरटं, ११ महिन्यांनंतर: पुढची दांडी आधी कापा

जुलैत एका रात्री पाऊस नुसता कोसळत होता. सकाळी परसात गेलो तर भिंतीवरच्या घरट्याचा तळ निखळून खाली पडलेला. गवत, कोंबडीची पिसं, पापुद्रे सुटलेला प्लायवुड, सगळा चिखल. आत तेव्हा पिल्लं नव्हती, एवढंच नशीब. आम्ही साताऱ्यात राहतो, महाबळेश्वरात नाही. इथे सात महिन्यांत ही गत, तर कोकणात हे घरटं श्रावणही बघणार नाही.

'बाहेर लावण्यासाठी' असं लिहून विकलेली वस्तू. ४५० रुपये मोजले होते. फोटो पाठवले, तीन वेळा लिहिलं. उत्तर आलं की पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मग बाहेर लावायचं म्हणजे कुठे लावायचं? पैसे परत मिळाले नाहीत, बदलीही नाही.

तरी प्लायवुडचं मी एक वेळ सोडून देईन. माझा खरा राग भोकाखालच्या त्या दांडीवर आहे.

डिसेंबरमध्ये लावलं तेव्हा मला तीच सगळ्यात आवडली होती. चिमणी येऊन बसेल, मग आत जाईल, असं चित्र डोळ्यासमोर होतं. फेब्रुवारीत नर गवताच्या काड्या आणू लागला, आईने अंगणात तांदळाची कणी टाकायला सुरुवात केली, आणि मी चार तारे देऊन मोकळा झालो. ते चार तारे मी आता मागे घेतो.

एप्रिलमध्ये पिल्लं मोठी झाली होती. उडायच्या आधीचे चार-पाच दिवस ती भोकाशी येऊन डोकं बाहेर काढतात आणि आईबापाकडून तिथेच घास घेतात. एका सकाळी कावळा त्या दांडीवर येऊन बसला. ३२ मिलिमीटरच्या भोकातून तो आत शिरू शकत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण दांडीवर पाय रोवून त्याने बाहेर आलेलं पिल्लू चोचीत धरलं आणि ओढून नेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. धावलो, पण उशीर झाला. दोन्ही चिमण्या तासभर वायरीवर बसून ओरडत होत्या. आई त्या दिवशी नीट जेवली नाही.

त्याच दुपारी हॅकसॉ ब्लेडने दांडी मुळापासून कापली. पडदा धरून खिडकीतून बघत बसलो, कारण चिमण्या घरटं सोडतील अशी भीती होती. मादी आली, भोकाच्या कडेला नखांनी लटकली आणि सरळ आत गेली. तिला त्या दांडीची गरज कधीच नव्हती. उरलेली दोन पिल्लं आठवड्यात उडाली.

तळ पडल्यावर कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे ते खोकं नमुना म्हणून नेलं. दांडीचा बुंधा बघून ते म्हणाले, "साहेब, झाडाच्या ढोलीला कुठं दांडी असती का?" पन्नास वर्षं लाकूड हाताळलेल्या माणसाला जे एका नजरेत कळलं, ते विकणाऱ्यांना कळू नये याचा मला अजून संताप येतो. दांडी फक्त फोटोत छान दिसते.

काकांनी जुन्या पॅकिंग खोक्याच्या फळ्यांतून नवीन करून दिलं, मजुरीसकट २०० रुपयांत. फळी पाऊण इंच जाडीची. भोक तेवढंच, पण तळापासून पाच इंच वर, म्हणजे पिल्लं खोल राहतात. तळाला चार बारीक छिद्रं, पाणी साचू नये म्हणून. छप्पर पुढे दोन इंच काढलेलं आणि बिजागरीवर उघडणारं, कारण पिल्लं उडून गेली की जुना कचरा काढून उकळतं पाणी घालून धुवायचं असतं. भोकाच्या आतल्या बाजूला करवतीने आडव्या खाचा मारून घेतल्या. गुळगुळीत प्लायवुडवर पिल्लांना वर चढता येत नाही. आतून रंग, वॉर्निश काही नाही. तोंड पूर्वेला केलं. जुनं मी नैर्ऋत्येला लावलं होतं, पाऊस थेट आत जायचा. ती चूक माझीच.

एक गोष्ट मात्र नुसत्या खोक्याने होत नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. वांग्यावर मावा पडला की मी औषध मारायचो, ते यंदा बंद केलं. पेरूखालचा पाचोळाही जाळत नाही, कोपऱ्यात ढीग लावतो. त्यात आता सापसुरळी राहते.

चिमण्या शेजाराने राहणाऱ्या, म्हणून काकांना अशीच अजून दोन खोकी सांगितली आहेत. २० मार्चच्या चिमणी दिनाला घरटी घेणाऱ्यांनी तेवढं थांबू नये, आत्ताच हिवाळ्यात लावावं. जोड्या जागा आधीपासून बघत फिरतात.

तळ पडलेलं खोकं काकांनी ठेवून घेतलं, जळणाला. नवीन खोक्याच्या छपरावर तीन दिवस एक नर बसतो आहे. काल दुपारी तो भोकाच्या कडेला लटकून बराच वेळ आत बघत होता. आज त्याच्या चोचीत पीस होतं.