नवीन बीसीबीए झालात? पहिली नोकरी मोठ्या चेनमध्ये की छोट्या क्लिनिकमध्ये

बीसीबीए म्हणजे बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट, बहुतेक ऑटिझम असलेल्या मुलांच्या वागणुकीवर काम करणारे. अमेरिकेत मास्टर्स, २००० तासांचं फील्डवर्क, परीक्षा, सगळं उरकून दोन ऑफर हातात असतील तर पगार क्षणभर बाजूला ठेवून बघू (पगार बाजूला ठेवून कोण बघतं म्हणा, तरी).

मोठ्या चेनमध्ये सगळं आखलेलं असतं. ऑनबोर्डिंग, बरोबरीचे नवीन लोक, बऱ्याचदा सीईयू (कंटिन्युइंग एज्युकेशनचे क्रेडिट) पण फुकट. सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांनी ३२ सीईयू लागतात, त्यातले ४ एथिक्सचे, तेव्हा हा खर्च वाचणं चांगलंच. पण तिथे बिलेबल तासांचं टार्गेट असतं, आणि मेंटरबरोबरच्या मीटिंगचं बिल इन्शुरन्सला लावता येत नाही, त्यामुळे आठवडा भरला की पहिली तीच कॅन्सल होते. शिवाय मेंटर दुसऱ्या स्टेटमध्ये बसून झूमवर भेटणार, त्याला तुमचे ग्राफ दिसतात, तुम्ही मुलाबरोबर कसं काम करता ते दिसत नाही.

छोट्या क्लिनिकची मालकीण बहुतेक स्वतःच बीसीबीए असते आणि शेजारच्याच खोलीत असते. मूल चावायला लागलं, प्लॅन चालत नाहीये, तर दार वाजवून विचारता येतं, ती येऊन सेशन बघते आणि तिथल्या तिथे सांगते. चिडलेल्या आईवडिलांशी ती कशी बोलते हे बाजूला बसून बघायला मिळतं, जे कुठल्याच सीईयूच्या व्हिडिओत मिळणार नाही. तोटा असा की एकाच माणसाची पद्धत अंगात मुरते, आणि शेड्यूलिंग, इन्शुरन्सच्या मंजुरीचे (ऑथरायझेशन) फोन वगैरे हळूहळू तुमच्याच गळ्यात पडतात.

स्कूल डिस्ट्रिक्टचा तिसरा पर्याय आहे, पण अख्ख्या शाळेत एकटेच बीसीबीए असाल तर पहिल्या वर्षी तरी नको.

अजून एक. आरबीटींचं (मुलांबरोबर रोजची सेशन घेणारे टेक्निशियन) सुपरव्हिजन लगेच अंगावर येतं, त्यांच्या महिन्याच्या तासांच्या किमान ५ टक्के. फील्डवर्क करणारा ट्रेनी घ्यायचा तर पहिल्या वर्षी तुम्हालाच कन्सल्टिंग सुपरव्हायझर, म्हणजे तुमच्या सुपरव्हिजनवर सल्ला देणारा अनुभवी बीसीबीए, लागतो. हा माणूस चेनमध्ये पटकन सापडतो, छोट्या ठिकाणी कोण होणार ते आधीच विचारा.

मी छोटं क्लिनिक घेईन, पण मालकीण स्वतः दिवसभर केसेसमध्ये बुडालेली नसेल तरच. दोन्हीकडे एकच विचारा, पहिल्या तीन महिन्यांत माझं सेशन प्रत्यक्ष येऊन कोण बघणार आणि त्या वेळेचे पैसे मिळणार का. "आमच्याकडे कल्चर खूप सपोर्टिव्ह आहे" असं उत्तर आलं तर मेंटरिंगचे आठवड्याचे तास ऑफर लेटरमध्ये लिहून मागा.