सेप्सिसमधून उठलेल्या पेशंटसाठी ‘इम्युनिटी प्रोफाइल’ पॅकेज घेताय? आधी हे वाचा

पाचपैकी दोन स्टार. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असली पॅकेजेस आता बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच, नुसतं कुठे गोल्ड तर कुठे प्लॅटिनम.

बाबांना मुतखडा अडकून युरिन इन्फेक्शन झालं, ते रक्तात पसरलं, सेप्सिस, आयसीयू. वय ६८, शुगर आहे. घरी आले, चालायला लागले, सगळे म्हणाले सुटलो एकदाचे, आणि दोन महिन्यांच्या आत न्यूमोनिया होऊन परत ॲडमिट. मग आईच्या डोक्यात बसलं की यांची इम्युनिटीच गेलीय, चेक करून घे. ॲपवर ऑफर लावून अडीच हजाराच्या आत बसलं, केलं बुक.

मिळतं काय तर सीबीसी, ईएसआर, सीआरपी, व्हिटॅमिन डी, बी१२, झिंक, आयजीजी वगैरे. रंगीत पीडीएफ, पहिल्याच पानावर काट्याचा डायल आणि इम्युनिटी स्कोअर ८२, हिरवागार. हा स्कोअर काढला कसा ते कुठेच नाही. व्हिटॅमिन डीला अख्खं पान, सोबत उन्हात हसत बसलेल्या काकूंचा फोटो. आणि सीआरपी, म्हणजे अंगात कुठे सूज चालू आहे का ते दाखवणारा आकडा, जो बाबांचा थोडा वाढलेला होता, तो मागे कुठेतरी टेबलात एका ओळीत. आमच्या फिजिशियन मॅडमनी मात्र पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं की सेप्सिसनंतर बऱ्याच पेशंटमध्ये दोन उलट्या गोष्टी एकदमच चालू राहतात, एकीकडे अंगात बारीक धुमसणारी सूज, म्हणून सीआरपी काही महिने थोडा वरच, आणि दुसरीकडे जंतू दिसला की तुटून पडणारी जी पहिली फळी, मोनोसाइट न्यूट्रोफिल वगैरे, ती थंड पडलेली. सीबीसीत या पेशींची संख्या येते आणि बाबांची संख्या एकदम नॉर्मल. म्हणजे गेटवर वॉचमन किती ते मोजलं, जागे किती ते नाही. मोनोसाइटवर एचएलए-डीआर नावाचं प्रोटीन असतं, जंतूचा तुकडा पुढच्या पेशींना दाखवायला ते लागतं, सेप्सिसमध्ये ते घटतं आणि ज्यांचं घटलेलंच राहतं त्यांना नवीन इन्फेक्शनचा धोका जास्त. ते मोजायला फ्लो सायटोमेट्री लागते, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तपासणारी टेस्ट, पॅकेजमध्ये ती नाही. आयजीजी नॉर्मल म्हणून आई खूश झालेली, पण ते अँटीबॉडीचं खातं, वेगळंच.

मी विचारलं, न्यूट्रोफिल तर जेमतेम एखाद दिवस जगतो, आयसीयूतले कधीच मेले असणार, मग दोन महिन्यांनी काय संबंध? तर म्हणे मूळ बोन मॅरोत आहे. तिथल्या स्टेम सेल्समध्ये कुठली जीन्स चालू कुठली बंद याच्या खुणाच बदलतात आणि नवीन पेशीही तशाच मंद निघतात. हे बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलंय. पण अमेरिकेतला आकडा माणसांचाच आहे, सेप्सिसमधून वाचून घरी गेलेल्यांपैकी साधारण ४० टक्के ९० दिवसांत परत ॲडमिट होतात आणि त्यात इन्फेक्शन हे मोठं कारण. आमच्या डिस्चार्ज कार्डवर यातलं एक अक्षर नव्हतं, ‘फॉलोअप ७ दिवसांनी’, संपलं.

लॅबची बाजू पण सांगतो. एचएलए-डीआर केली असती तरी हातात फार काही पडलं नसतं, ते वाढवायला जीएम-सीएसएफ, इंटरफेरॉन गॅमा या पेशींना चेतवणाऱ्या औषधांच्या ट्रायल्स झाल्यात पण रोजच्या ट्रीटमेंटमध्ये अजून काही नाही. माझा राग टेस्ट नसण्यावर नाहीच, त्या हिरव्या डायलवर आहे. तो बघून बाबा दुसऱ्याच दिवशी भाचीच्या हळदीला निघाले होते, घरात निम्मे लोक खोकत असताना.

वर कस्टमर केअरचा फोन, सर स्कोअर ९० च्या पुढे न्यायचा असेल तर गुळवेलच्या गोळ्यांचा कॉम्बो आहे. गुळवेल घेऊन लिव्हरला त्रास झालेल्या पेशंटबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद असू दे बाजूला, पण आयसीयूतून आलेल्या शुगरच्या पेशंटला फोनवरून गोळ्या?

दोन स्टार आहेत ते सॅम्पल घ्यायला आलेल्या दादाचे. आयसीयूत टोचून टोचून बाबांच्या शिरा पार गेलेल्या, त्याने गरम पाण्यात बुडवलेला नॅपकिन हातावर ठेवून थांबला, बटरफ्लाय सुई लावली आणि एका टोच्यात काम.

मॅडमनी शेवटी लिहून दिलं ते असं, फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकल लस, शुगर ताब्यात, आणि थंडी वाजली, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा बोलताना गोंधळले तर ताप यायची वाट न बघता लगेच आणा, वयस्कर माणसाला ताप नसतानाही सेप्सिस असू शकतो. दोन्ही लशी पदरच्या पैशानेच घ्याव्या लागल्या. तुम्हाला नुसतं डी आणि बी१२ बघायचं असेल तर ते दोनच सुटे करा, पॅकेजपेक्षा स्वस्त पडतं.