नॅनोक्ले टाकायचीय, पावडर घ्यावी का मास्टरबॅच?

समजा तुमचं कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे आणि पार्ट ताठ व्हावा म्हणून पीपीत (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमधे) नॅनोक्ले, म्हणजे अतिपातळ थरांची माती, टाकून बघायचीय, तर दोन रस्ते आहेत, मॉडिफाइड क्लेची पावडर आणून स्वतः मिसळायची नाहीतर तयार मास्टरबॅच (प्लास्टिकमधे आधीच भरपूर क्ले मिसळलेले दाणे) घ्यायचा. माझं मत आधीच सांगतो, स्वतःचा ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंचं मिसळायचं मशीन) नसेल तर पावडरच्या नादी लागू नका.

ही क्ले म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट, एकेक पापुद्रा 1 नॅनोमीटर जाडीचा आणि असे ढीगभर पापुद्रे ओल्या वहीच्या पानांसारखे चिकटलेले. मूळ मातीचं पाण्याशी जमतं, प्लास्टिकशी नाही, म्हणून थरांमधला सोडियम काढून तिथं लांब शेपटीचे अमोनियम आयन बसवतात. पण तेवढ्यानं पापुद्रे सुटत नाहीत, त्याला शिअर (थर एकमेकांवरून सरकवणारा जोर) लागतो आणि इंजेक्शन मशीनचा साधा स्क्रू तेवढा देत नाही. वितळलेल्या मालाची पातळ फिल्म दाबून उजेडात धरा, ठिपके दिसले की समजा गठ्ठे तसेच राहिलेत. (ठिपके नसले म्हणजे काम झालंच असंही नाही, खात्रीला एक्सआरडी, म्हणजे थरांमधलं अंतर दाखवणारी एक्स-रे चाचणी, लागते.)

पावडर किलोला स्वस्त दिसते, पण पीपीसाठी मॅलेइक ग्राफ्टेड पीपी (क्ले आणि पीपीला जोडणारं खास पीपी) वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर क्ले पकड धरत नाही, वर बारीक धूळ उडते ती वेगळीच. मास्टरबॅच महाग, पण क्ले आधीच बरीच पसरलेली असते. कॅरिअर, म्हणजे क्ले ज्यात मिसळलीय ते प्लास्टिक, कुठला ते मात्र विचाराच, पीपी कॅरिअरचा माल नायलॉनमधे ढकलू नका.

दोन्हीकडे तापमान सांभाळा. तो अमोनियमचा भाग 200 डिग्रीच्या आसपास तुटायला लागतो, माल बॅरलमधे जास्त वेळ राहिला की पिवळा पडतो आणि उग्र वास येतो.

टाल्क (नेहमीची खनिज पावडर) चालत असेल तर टाल्कच वापरा की, असं कुणी म्हणेल, आणि साध्या मालाला ते खरंच आहे. पण टाल्क 20 टक्के घालून जो ताठपणा येतो त्याच्या जवळपास 3 ते 5 टक्के क्लेत जाता येतं, ती नीट सुटली तर, आणि पार्ट हलका राहतो. तासगावच्या द्राक्षबागेत उन्हात पडणारे क्रेट करायचे असतील तर जपून, क्लेमुळं पीपी उन्हात लवकर खराब होतं, यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं रसायन) वाढवायला लागतो.

ट्रायलला 3 टक्के क्ले धरा, म्हणजे निम्मी क्ले असलेला मास्टरबॅच 6 टक्के, बॅक प्रेशर (स्क्रू मागं येताना त्यावर राहणारा दाब) थोडं वाढवा आणि आयझॉड, म्हणजे धक्का सोसायची चाचणी, करून घ्या. धक्का सोसायची ताकद कमी झाली तर क्रेट सोडा, हाऊसिंग किंवा कव्हरला तोच माल चालतोय का बघा.