पत्रादेवीपर्यंतचा पहिला नंबर: माझे 91,800 रुपये कसे गेले

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. 91,800 रुपये. आमच्या होमस्टेची वेबसाइट गूगलच्या शोधात पहिल्या नंबरवर आणतो म्हणणाऱ्या एका माणसाला ते दिले. सेटअपचे 18,000, बॅकलिंक पॅकेजचे (दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे आणलेल्या लिंकांचे) 24,500, महिन्याला 7,500 प्रमाणे जून ते ऑक्टोबर 2024 असे पाच महिन्यांचे 37,500, आणि शेवटी ‘गूगलची पेनल्टी काढायला’ 11,800. हा शेवटचा आकडा लिहिताना अजून कानशिलं तापतात. तोवर मला कळायला हवं होतं. कळण्यासारखं सगळं नाकासमोर होतं.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हा कर्ज काढून घराच्या मागच्या अंगाला खोल्या बांधल्या. बुकिंग येतं ते मोठ्या पोर्टलांवरून, आणि तीन हजारांच्या खोलीमागे साडेपाचशे रुपये कमिशनचे कापले जातात. गिऱ्हाईक आपल्याच वेबसाइटवरून थेट यावं असं वाटलं, यात लोभ कुठे आला? मुद्दाम लिहितोय, कारण ज्याला सांगावं तो पहिलं वाक्य ‘लोभ नडला’ हेच बोलतो. मी दामदुप्पट मागायला गेलो नव्हतो. दुकानदार बोर्ड रंगवायला पेंटर बोलावतो, तसा मी एक माणूस बोलावला.

खरं तर मी बोलावलाच नव्हता, त्याचाच फोन आला. ‘‘साहेब, तुमची वेबसाइट गूगलच्या पाचव्या पानावर आहे. तीन महिन्यांत पहिल्या पानावर, पहिला नंबर. लेखी गॅरंटी.’’ जाणकार इथेच हसतील. गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची हमी कुणालाही देता येत नाही. हे मला आज तोंडपाठ आहे, जूनमध्ये नव्हतं. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘गूगल पार्टनर’चा बिल्ला होता. तो बिल्ला जाहिराती चालवणाऱ्या एजन्सींना मिळतो, शोधातल्या नंबरशी त्याचा काडीचा संबंध नाही. गूगलच्या पार्टनरांची यादी सगळ्यांना बघता येते. मी ती नोव्हेंबरात बघितली. याचं नाव तिच्यात नव्हतं.

माणूस गोड. मराठी स्वच्छ. घरी आला, पडवीत बसला, लॅपटॉप उघडून तासभर आलेख दाखवले. जेवणाची वेळ झाली म्हणून आम्हीच आग्रह केला. बांगड्याची आमटी, किसमूर, सोलकढी. ‘‘वहिनी, सोलकढी एक नंबर!’’ बायको आजही मला तेच ऐकवते: तुमचा एक नंबर कधी आला नाही, माझ्या सोलकढीचा मात्र त्याच दिवशी आला.

जुलैच्या अखेरीला त्याचा फोन आला. ‘‘साहेब, शोधा बघू, फॅमिली होमस्टे पेडणे.’’ शोधलं. सगळ्यात वर आम्ही! आमच्या घराचा फोटो, आमचं नाव. मी बायकोला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, देवळात भजनाला गेलो तिथे चौघांच्या फोनवर शोधून दाखवलं. चौघांच्या फोनवर वरतीच. त्याने एकच ताकीद दिली होती: ‘‘बघा, पण क्लिक करू नका. मालकच क्लिक करायला लागला की गूगलला संशय येतो आणि नंबर घसरतो.’’ मी क्लिक केलं नाही. दुसऱ्या कुणाला करूही दिलं नाही. भजनी मंडळातल्या एकाचं बोट पडत होतं, तर मी त्याचा हात धरला.

मग ऑगस्टमध्ये भाच्याचा पुण्याहून फोन आला. ‘‘मामा, पहिल्या नंबरवर आहे म्हणतोस, मला तर कुठेच दिसत नाही. चार पानं बघितली.’’

हाच तो क्षण. मी पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन उभा राहतो. पोरगा आयटीत काम करतो, त्याला माझ्याकडून काही मिळवायचं नव्हतं, आणि मी त्याला काय म्हणालो? ‘‘तुझ्या फोनमध्येच काहीतरी असेल. इथे सगळ्यांना दिसतंय.’’ वर आणखी, ‘‘तुम्हां पोरांना मामाचं चांगलं झालेलं बघवत नाही काय?’’ तो गप्प बसला. त्या दिवशी ऐकलं असतं तर पुढचे 49,300 वाचले असते. हिशेब पन्नासदा केलाय: बॅकलिंकचे 24,500 तेव्हा द्यायचे होते, पेनल्टीचे 11,800 द्यायचे होते, महिन्याचे दोन हप्ते बाकी होते, त्यातला एक तर... जाऊ दे, दोन्ही गेले. हे झाले 51,300. त्यातले 2,000 मी आधीच बॅकलिंकचा आगाऊ म्हणून देऊन बसलो होतो.

दिवाळीला भाचा आला. पोरं नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात गवत भरत होती, आम्ही पडवीत. मी हट्टाने फोन पुढे केला: बघ, कोण वर आहे. त्याने बघितलं आणि नखाने एका शब्दावर टकटक केलं. आमच्या नावाच्या वर, बारीक अक्षरांत: स्पॉन्सर्ड.

गावच्या जत्रेच्या नाटकाला दर वर्षी 2,500 रुपये देऊन बॅनरवर ‘स्पॉन्सर’ म्हणून स्वतःचं नाव छापून घेणारा माणूस मी. तो शब्द मला समजत नव्हता असं कोणत्या तोंडाने म्हणू? तीन महिने रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडत होतो. नाव वाचलं, फोटो बघितला, त्यावरचा शब्द वाचलाच नाही.

ती जाहिरात होती. शेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की जाहिरातदार कोण आणि ही तुम्हालाच का दिसते ते समोर येतं. जाहिरातदाराचं नाव आमचं नव्हतं, कारण होतं ‘तुमचं ठिकाण’. गूगलच्या जाहिरातीत नकाशावर वर्तुळ आखता येतं, तेवढ्याच भागातल्या फोनवर ती दिसते. भाच्याने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि गोवा-महाराष्ट्र हद्दीवरच्या पत्रादेवीला नेलं. चेकनाक्याच्या अलीकडे शोधलं: आम्ही वर. पलीकडे बांद्याच्या रस्त्याला पाच-सहा किलोमीटर गेलो, पुन्हा शोधलं: नाही. मागे आलो: हजर. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी मी पैसे मोजले आणि माझा पहिला नंबर हद्द ओलांडताच विरघळत होता.

आता ती क्लिक न करण्याची ताकीद. या जाहिरातीचे पैसे क्लिकमागे जातात. पेडण्यात बसून पेडण्यातलाच होमस्टे शोधणारा माझ्याशिवाय कोण? मी क्लिक केलं नाही की त्याचा खर्च शून्य. भजनी मंडळात हात धरून मी त्याचेच पैसे वाचवत होतो!

नंबर तपासायचा तर गावाबाहेरच्या, लांबच्या माणसाला शोधायला सांगा. गूगलचं फुकटचं सर्च कन्सोल स्वतःच्या ईमेलवर घ्या, त्यात कोणत्या शब्दावर किती लोकांना दिसलात आणि कितींनी क्लिक केलं ते गूगलच सांगतं. एजन्सीच्या पीडीएफवर जाऊ नका.

बॅकलिंकचं थोडक्यात. त्याने एक्सेल पाठवली, 500 लिंक. मी कधी उघडल्या नव्हत्या. भाच्याने उघडल्या तर जुगार, शक्तिवर्धक गोळ्या, आणि एक कुठल्याशा परक्या लिपीतलं पान, ज्यात मधेच आमच्या होमस्टेचं नाव. विकतच्या लिंका गूगल स्पॅम धरतं. म्हणजे 24,500 देऊन मी स्वतःच्याच साइटला चिखल फासून घेतला. रिव्ह्यूंचंही तेच. एका रात्रीत 31 पंचतारांकित रिव्ह्यू आले, त्यांतल्या एकात लिहिलं होतं, ‘डॉक्टर प्रेमळ आहेत, दाढ अजिबात दुखली नाही.’ मी हसलो आणि सोडून दिलं. आठवड्यात सगळे उडाले, सोबत नाशिकच्या एका कुटुंबाने मनापासून लिहिलेला खरा रिव्ह्यूही गेला.

आणि पेनल्टी? ऑक्टोबरात त्याने ‘गूगलची नोटीस’ फॉरवर्ड केली: दंड झालाय, काढायला 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी. गूगल कुणाकडून असा दंड घेत नाही. गूगलच्या माणसाने तपासून साइटवर कारवाई केलीच तर ती सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’खाली दिसते. आमच्या तिथे एकही नोंद नव्हती. बिलावरचा जीएसटी नंबरही बघा. तो 15 अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे 30. त्याच्या नंबरात 14 अक्षरं होती. मोजायला किती वेळ लागतो? मी बिल मात्र नीट फाइलला लावून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात पोलीस ठाण्यावर गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, पण बंदोबस्ताला निघाले होते. तिसऱ्या दिवशी हवालदाराने करारनामा उलटापालटा केला आणि म्हणाला, ‘‘बाब, सय तुजी न्हय? मागीर आमी कितें करप?’’ म्हणजे सही तुमचीच ना, मग आम्ही काय करणार? सिव्हिल मॅटर, दिवाणी भांडण! खोटी नोटीस, खोटा जीएसटी नंबर, हे सिव्हिल कसं, असं विचारल्यावर सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणालं, पत्र कशाला, ते थेट घेतात. दोन्हीकडच्या खेपांत चार दिवस, ऐन सीझनचे. व्हॉट्सॲपचे प्रिंट काढून आणा म्हणाले, 65 पानं काढली, 195 रुपये. मग म्हणाले, प्रिंट नको, पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह नेला तर घेणारा माणूस सुटीवर. एका अधिकाऱ्याने शेवटी वाचलं, आणि पहिला प्रश्न कोणता? ‘‘शिकलेले दिसता, मग एवढं कसं कळलं नाही?’’ हे मला घरी रोज फुकट ऐकायला मिळतं, त्यासाठी स्कूटर काढून जायची गरज नव्हती. बँकेत गेलो तर, तुम्हीच यूपीआयने पाठवलेत, आम्ही काय करणार. करारात न्यायक्षेत्र परराज्यातलं घातलेलं, तेही सही करताना वाचलं नव्हतं. आणि एका कार्यालयातल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की होमस्टे म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नव्हे.

हे शेवटचं सरसकट खरं नाही. 2019च्या ग्राहक कायद्यात केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहक धरला जाऊ शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. गावातल्या वकिलाने दाखवलं तेव्हा कळलं. तक्रार दाखल केली आहे. ज्यांचे पैसे नुकतेच गेले असतील त्यांनी ठाण्याच्या पायऱ्या मोजत बसण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवले तरच उपयोग. मी पाच महिन्यांनी जागा झालो.

डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या नावाचं, सांगायचं राहिलं. साइट ‘नव्याने बांधतो’ म्हणून त्याने नावाची नोंदणी स्वतःच्या खात्यावर वळवून घेतली होती. ओटीपी मीच दिला. फसवणूक बाहेर आल्यावर त्याने नाव परत द्यायचे 15,000 मागितले. वर्षाला हजार-दीड हजारात नवं डोमेन मिळतं. मी दिले नाहीत, नवं घेतलं. एजन्सी कोणतीही असो, डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, आणि ओटीपी कुणालाही नाही.

जुन्या नावावर आता ऑनलाइन रमी चालते. गेल्या महिन्यात त्याच नाशिकच्या कुटुंबातल्या काकांचा फोन आला, ‘‘अहो, तुमच्या साइटवर पत्ते वाटतायत!’’ रस्त्यावरच्या बोर्डावर जुना पत्ता मोठ्या अक्षरांत होता, त्यावर मी स्वतः ऑइल पेंटचा हात मारला. पहिल्याच पावसात रंग उतरला आणि आता अर्धी अक्षरं वाचता येतात. पेंटरने पुन्हा रंगवायचे 1,200 सांगितलेत.