लांबलचक इंग्रजी शब्द शोधून देणारे साधन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठरावीक अक्षरे असलेले लांब इंग्रजी शब्द शोधून देणारे एक शोधसाधन मी गेले अनेक महिने नियमितपणे वापरतो आहे. इंग्रजी शब्दकोडी सोडवणे हे त्याचे मुख्य कारण आणि स्क्रॅबल या, अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द बनवण्याच्या खेळाचा सराव हे दुसरे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे बनले आहे की, अशा साधनाची पारख ते किती शब्द समोर मांडते यावर करू नये. नको असलेले शब्द ते किती नेमकेपणाने वगळू देते यावर करावी.

'ही अक्षरे असलेला शब्द' ही मागणी दिसते तितकी सोपी नाही. स्क्रॅबल खेळणाऱ्याला हातातल्या सात सोंगट्या पटावर आधीच लागलेल्या अक्षरांशी जोडून शब्द जुळवायचा असतो आणि प्रत्येक सोंगटी एकदाच वापरता येते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या स्पेलिंग बी या खेळातही अक्षरे सातच असतात, परंतु तेथे एकच अक्षर हवे तितक्या वेळा घेता येते आणि मधले अक्षर शब्दात असावेच लागते. शब्दकोडे सोडवणाऱ्याला काही अक्षरांच्या जागा आधीच ठाऊक असतात. लांब शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाची गरज मात्र या सर्वांहून वेगळी असते: दिलेली अक्षरे शब्दात कोठेही असली तरी चालतील, पण ती असलीच पाहिजेत, बाकीची कोणतीही असोत. पुष्कळ साधनांत या सर्व मागण्यांसाठी एकच रकाना असतो आणि ते मुकाट्याने स्क्रॅबलचा अर्थ गृहीत धरतात. त्यामुळे लांब शब्द मागणाऱ्याच्या पदरात चार-पाच अक्षरी शब्दांची रास पडते. मी वापरत असलेल्या साधनात 'फक्त ही अक्षरे', 'ही अक्षरे असलेले' आणि 'जागा ठरलेल्या' असे स्वतंत्र रकाने आहेत. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. 'असलेले'च्या रकान्यात झेड हे अक्षर चार वेळा लिहिले, तर किमान चार झेड असलेले शब्दच यायला हवेत. हे साधन ते पाळते आणि पिझ्झॅझ (pizzazz), रॅझमटॅझ (razzmatazz) असे शब्द देते; काही साधने चारांचा एकच झेड समजतात. (स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांत झेड एकच आणि कोऱ्या सोंगट्या दोन असल्यामुळे पिझ्झॅझ हा शब्द एका संचातून लावताच येत नाही. साधन मात्र तो स्क्रॅबलच्या सूचीतही दाखवते, कारण सूचीत तो आहेच.) अक्षरांचा क्रम हवा असेल तर नमुन्याच्या रकान्यात दोन अक्षरांमध्ये तारका (*, म्हणजे 'मध्ये काहीही चालेल') टाकाव्या लागतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर याच क्रमाने मागितले की फसीशस (facetious) आणि ॲबस्टेमिअस (abstemious) हे शब्द समोर येतात, आणि क्रम उलटा केला की सबकॉन्टिनेन्टल (subcontinental) हा चौदा अक्षरी शब्द येतो.

खरी कसोटी लागते ती वगळण्याच्या रकान्यावर. झेड असलेले शब्द मागून निकाल लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावला, तर सुरुवातीची पानेच्या पाने 'आयझेशन' (-ization) या एकाच प्रत्ययाने भरून जातात: इन्स्टिट्यूशनलायझेशन, इंटरनॅशनलायझेशन, कम्पार्टमेंटलायझेशन, प्रत्येकी वीस अक्षरे. असे शब्द शोधण्यात काही मौज नाही, कारण एक सापडला की पुढचे आपसूक सुचतात. शिवाय हा झेड वर्णलेखनाच्या प्रथेवर अवलंबून आहे. अमेरिकी लेखनात तो येतो आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशांनाही तोच मान्य आहे. ब्रिटनमधील बहुतेक वृत्तपत्रे मात्र त्या जागी एस लिहितात. त्यामुळे शब्दसूची बदलली की उत्तरेही बदलतात. हा प्रत्यय आणि त्याची क्रियापदे वगळली, की झेड मुळातच ज्यांच्या अंगात आहे असे शब्द वर येतात: झूजिओग्राफिकल, स्किझोफ्रेनिया, बॅम्बूझलमेंट.

हाच प्रयोग इतर अक्षरांवर केला असता इंग्रजी शब्दांची घडण फार स्पष्ट दिसते, आणि या साधनाने मला दिलेला सर्वांत मोठा आनंद तोच आहे. इंग्रजीतील लांब शब्द प्रामुख्याने लॅटिन आणि ग्रीक धातूंवर उपसर्ग व प्रत्यय चढवून तयार झालेले आहेत. 'जे' (J) हे अक्षर प्रत्ययांत जवळजवळ नसतेच, पण लॅटिन धातूंत असते. म्हणून ते ऑब्जेक्टिफिकेशन किंवा कंजंक्टिव्हायटिस अशा शब्दांच्या पोटात सापडते. अभिजात लॅटिनमध्ये डब्ल्यू नव्हता आणि 'के' (K) क्वचितच वापरला जाई. त्यामुळे डब्ल्यूचे लांब शब्द बहुधा जर्मानिक वळणाचे जोडशब्द असतात. नॉटविथस्टँडिंग आणि स्ट्रेटफॉरवर्ड हे दोन्ही नेमके पंधरा अक्षरांचे शब्द त्याच जातीचे. केच्या बाबतीत ग्रीकमधून आलेले कॅलिडोस्कोपिकली यासारखे अपवाद मधूनच डोके वर काढतात. क्यूबरोबर यू बहुतेक वेळा येतोच, म्हणून या दोघांची जोडी वगळून पाहणे उद्बोधक ठरते: मग अरबीतून आलेले निकाब (niqab), बुरखा (burqa) असे आखूड शब्द उरतात आणि लांब शब्द जवळपास नाहीसे होतात.

शब्दसूचीबद्दल थोडा इशारा देणे आवश्यक आहे. स्क्रॅबलचा पट पंधरा बाय पंधरा घरांचा असल्यामुळे त्या खेळाच्या अधिकृत सूच्या पंधरा अक्षरांवर थांबतात. ज्या साधनांकडे तेवढीच सूची असते त्यांच्याकडे सोळा अक्षरी डिस्क्वालिफिकेशन मागितले तर काहीच मिळत नाही, आणि असा शब्दच नसावा असा नवख्याचा समज होतो. या साधनात खेळाची सूची आणि मोठ्या शब्दकोशाची सूची यांतून निवड करता येते. लांब शब्दांसाठी दुसरीच घ्यावी. मात्र तिच्यात 'सर्वांत लांब आधी' हा क्रम फसवा ठरतो. वरच्या जागा वैद्यक आणि रसायनशास्त्रातल्या संज्ञा अडवून बसतात, आणि त्यांच्यात न्यूमोनो (pneumono) या शब्दांशाने सुरू होणारे ते एका फुप्फुसरोगाचे पंचेचाळीस अक्षरी नावही असते, जे १९३५ साली नॅशनल पझलर्स लीग या अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब म्हणून घडवले होते. मी लांबीची मर्यादा दहा ते पंधरा अशी ठेवतो. वाचनात भेटणारे आणि कोड्यांत उपयोगी पडणारे शब्द बहुतांशी त्याच टप्प्यात असतात.

वेगाबद्दल तक्रार नाही. अक्षरे उलटसुलट करून दुसरा शब्द मिळवण्याची सोयही चांगली आहे. सिनेमॅटोग्राफर (cinematographer) टाकले की मोठ्या वटवाघळांसाठीची मेगाकायरॉप्टेरन (megachiropteran) ही संज्ञा क्षणात येते. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून ती खूण आधीच साठवलेली असली, की हे काम सोपे होते, कारण अशा दोन शब्दांची खूण एकच निघते.

उणिवा दोन आहेत आणि त्या रोज जाणवतात. वगळलेले प्रत्यय साधनाच्या लक्षात राहत नाहीत. प्रत्येक नव्या शोधाला 'आयझेशन' आणि त्याचे भाऊबंद पुन्हा लिहावे लागतात. शिवाय एकाच शब्दाची अनेकवचने आणि क्रियापदांची रूपे स्वतंत्र उत्तरे म्हणून मोजली जातात, त्यामुळे दोनशे उत्तरांत मूळ शब्द त्याच्या निम्मेही नसतात. युनिक्स जातीच्या काही संगणक-प्रणालींबरोबर वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाच्या १९३४ सालच्या आवृत्तीवरून केलेली सुमारे २,३५,००० शब्दांची सूची मिळते. तिच्यात अनेकवचने फारशी नाहीत, आणि मजकुरातून हव्या नमुन्याच्या ओळी निवडणारी ग्रेप (grep) ही आज्ञा ज्याला येते तो वगळण्याचे नियम एकदा लिहून कायमचे जपून ठेवू शकतो. रूपे गाळून केवळ मूळ शब्द हवे असतील तेव्हा मी तिकडेच वळतो. मात्र तिच्यात गेल्या नव्वद वर्षांतले शब्द नाहीत, म्हणून ताज्या शब्दकोड्यासाठी पुन्हा याच साधनाकडे यावे लागते.